खाचेतले नऊ ठिपके

पिस्तूल मी आयुष्यात एकदाच हाताळलं, तेही गोळी झाडायला नव्हे. त्याच्या पाठीवरचा लोखंडाचा एक तुकडा काढून त्या जागी दुसरा बसवायचा होता. तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा. जाणत्या माणसाला त्या कामाला आठवडा लागला असता. मी ते साडेतीन तासांत उरकलं. त्या साडेतीन तासांबद्दल मी आठ वर्षं कोणाजवळ बोललो नाही, आणि नंतर बोललो तेही पुरतं खरं बोललो नाही. म्हणून आता लिहून काढतो आहे.

मी राजापूर तालुक्यातला. आयटीआयमधून फिटर झालो आणि त्र्याण्णव साली कुवेतला गेलो. शुऐबाला, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या भागात, एका कुवेती माणसाचं वर्कशॉप होतं. आजूबाजूच्या कारखान्यांतले पंप आणि व्हॉल्व्ह आमच्याकडे दुरुस्तीला यायचे. मालकाला आम्ही सगळे अरबाब म्हणायचो. राहायला खैतानमध्ये एक खोली, सहा जण, सगळे कोकणातले. सकाळी कंपनीची बस न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची. शुक्रवारी सुट्टी.

अशाच एका शुक्रवारी खैतानच्या किराणा दुकानात मी सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, घेत होतो. शेजारी एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस उभा होता. त्याने माझ्या हातातली पिशवी उघडून वास घेतला.

"हे घेऊ नको. गेल्या वर्साचे हायत," तो म्हणाला. "राजापूरचा काय रे तू?"

"होय. कसं ओळखलंत?"

"तू त्याच्याशी हिंदी बोलतोस त्याच्यावरनं."

तो रत्नागिरीकडचा मुसलमान, खाडीकाठच्या एका गावचा. सगळे त्याला चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. शहरात शिकारीच्या सामानाचं एक दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत चाचा बंदुका दुरुस्त करायचा. मुंबईत शिकलेलं काम. कुवेतमध्ये त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. इराकच्या लढाईच्या वेळी तो गावी गेला आणि कुवेत मोकळं झाल्यावर परत आला. आला तेव्हा दुकान लुटलेलं होतं. बाकाला बोल्टांनी घट्ट केलेला वाइस, म्हणजे काम धरायचा शिकंजासुद्धा कोणीतरी उपटून नेला होता. त्याच्या हत्यारांपैकी एकच उरलं. वीतभर लांबीचा पितळेचा एक दांडा बाकाखाली भिंतीच्या कडेला घरंगळत गेला होता, तो तिथेच राहिला. हे तो हसत सांगायचा. "चोर शाना हुता. पितळ कोण नेतो?"

शुक्रवारी संध्याकाळी मी त्याच्या बाकाशेजारी स्टूल टाकून बसायचो. गावाकडचं बोलणं ऐकायला मिळे आणि हातकाम बघायला मिळे. पण खरं सांगायचं तर त्याचं काम बघताना मला चीड यायची. नेम धरायला पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात, आणि मागे मधोमध फट असलेली एक पट्टी असते. या दोन्हींना मिळून साइट म्हणतात. पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागात एक आडवी खाच कोरलेली असते, तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद. मागची साइट त्या खाचेत बाजूने ठोकून बसवायची. चाचा काय करी, तर नव्या साइटचा तळ दिव्याच्या ज्योतीवर धरून तिला काजळी लावी. मग ती खाचेत जरा सरकवून बाहेर काढी आणि बघे. जिथली काजळी पुसली गेली तिथे कानशीचे दोन हात मारी. पुन्हा काजळी, पुन्हा दोन हात. मधे चहा. मधे नमाज. मधे कोणाची तरी चौकशी.

खोलीवर मी म्हणायचो, "गनस्मिथ गनस्मिथ म्हणतात, शेवटी फिटरच. आपण असतो तर तासाभरात बसवून दिली असती."

"मग जा की चाचाच्या खुर्चीत बस," खोलीतला एक जण म्हणायचा. "आमची तरी तुझ्या घोरण्यातून सुटका होईल."

ते हसायचे. मी हसायचो नाही. मला खरंच तसं वाटत होतं. मी पंपांवर काम करतो म्हणून अरबाबला माझा हात कळत नाही, एखादं नाजूक काम मिळालं तर दाखवून देईन, असं मनात होतं.

ते मिळालं सत्त्याण्णवच्या हिवाळ्याअखेर. अरबाबला नेमबाजीचा शौक होता. त्याचं एक परवान्याचं, स्पर्धेचं पिस्तूल होतं, बारीक गोळीचं. दर वर्षी त्याच्या नात्यातली आणि मित्रांतली माणसं वाळवंटातल्या मैदानावर जमून आपापसांत स्पर्धा लावत. चाळिशी उलटल्यावर त्याला पुढची माशी नीट दिसेना. त्याने इटलीहून जाड माशीची, रुंद फटीची नवी जोडी मागवली. पुढची माशी एका स्क्रूवर बसत होती, ती त्याने स्वतःच बदलली. मागची काही त्याला जमेना. मंगळवारी सकाळी तो पेटी घेऊन वर्कशॉपमध्ये आला. स्पर्धा शुक्रवारी होती.

"चाचा बोलता है आठ दिन," तो मला म्हणाला. गडीमाणसांशी तो अशीच हिंदी बोलायचा. "आठ दिन में हमारा पूरा बिल्डिंग खड़ा होता. तुम चाचा का दोस्त. ड्रायवर के साथ जाओ, उसके सर पे बैठो, करके लाओ."

दुकान अरबाबच्याच चुलतभावाचं होतं. पिस्तूल रिकामं, पेटी बंद, कागद ड्रायव्हरजवळ. ड्रायव्हर केरळचा, मोजकं बोलणारा. आम्ही शहरात गेलो. चाचाच्या बाकावर तीन बंदुका उघडून पडल्या होत्या. त्याने नवी साइट हातात घेऊन तिच्या कडेवर कानस फिरवली. कानस घसरली.

"बघ. किती कडक हाय," तो म्हणाला. "ही सावकाश उतरवायला लागंल. रविवारच्या आधी नाय."

"शुक्रवारी स्पर्धा आहे चाचा."

"मग पुढल्या वर्सी जिंकंल."

"तुम्ही उगाच लांबवता. एवढ्याशा तुकड्याला..."

तो थांबला. चष्मा काढून माझ्याकडे बघू लागला. त्याचे कान लाल झाले होते.

"एवढासा? मग तूच बसव की. फिटर हायस ना? तुमचं पंपाचं मोठं काम, आमचं आपलं बारीक. जा घेऊन."

मला वाटलं तो चेष्टा करतोय. पण त्याने पेटी बंद करून माझ्यापुढे सरकवली. मी उचलली. दारापर्यंत गेलो तेव्हा त्याने हाक मारली. पितळेचा तो दांडा वाइसमध्ये धरून तो त्याच्या तोंडावर कानस फिरवत होता. वर्षानुवर्षांच्या मारानं पडलेले खड्डे त्याने घासून काढले, एक तोंड, मग दुसरं, दोन्ही सपाट आणि चकचकीत. मग दांडा फडक्यात गुंडाळून मला दिला.

"लोखंडानं ठोकू नको. पितळेचं कामच मार खायचं. ह्याच्या तोंडाला खड्डे पडूदेत, पिस्तुलाला नाय." आणि पुढे म्हणाला, "कानस लावायची ती नव्या तुकड्याला. खाचेला हात लावायचा नाय. तुकडा बिघडला तर दुसरा येतो. खाच बिघडली की खल्लास."

हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. यंत्राच्या शाफ्टवर चाक बसवताना मधे लोखंडाची चावी घालतात. ती बसली नाही तर चावी कानसतात, शाफ्टमधली खाच कधीच नाही. आयटीआयच्या पहिल्या वर्षी हे शिकवतात. मला ते माहीत होतं, हे मी इथे मुद्दाम लिहितो.

शुऐबाला परतलो तेव्हा बाकीचे लोक एका कारखान्यात बाहेरच्या कामाला गेले होते. मी वाइसमध्ये लाकडाचे तुकडे घालून पिस्तुलाचा वरचा भाग धरला. पितळेचा दांडा फडक्यातून काढला, हातात तोलला आणि टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. पितळ मऊ असतं. मारलेला निम्मा घाव ते स्वतःच खातं. मला वेळ नव्हता. मी भंगारातली लोखंडाची एक पिन घेतली. जुनी साइट चार घावांत निघाली. बाजूला एक ओरखडा उठला, तो मी काळ्या शाईने झाकला.

नवी आत जाईना. कानस तिच्यावरून घसरतच होती. अर्धा तास मी तिच्याशी झटलो, तेव्हा कुठे कडेला जरा चमक आली. चाचा काय म्हणत होता ते मला तेव्हा कळलं. पेटी बंद करून परत शहरात न्यायची, एवढंच करायचं होतं. रविवारी झालं असतं. अरबाब चिडला असता, शुक्रवारी जुन्या साइटवर खेळला असता, हरला असता. पण मग चाचा म्हणाला असता, काय झालं रे फिटर? ते मला ऐकायचं नव्हतं.

मी कानस खाचेत घातली. तिथलं लोखंड मऊ होतं. सहा हात मारले, साइट थोडी आत गेली. आणखी चार मारले. मग ती अंगठ्याने ढकलल्यावर आरपार गेली.

साइट मी काढून पुन्हा ढकलून बघितली. खाच सैल झाली होती. घासून गेलेलं लोखंड परत आणता येत नाही.

आमच्या धंद्यात एक युक्ती आहे. पंपाच्या बेअरिंगची जागा झिजून ढिली झाली की तिथे सेंटर पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी पिनने, ठिपके मारायचे. प्रत्येक ठिपक्याभोवती लोखंड जरा वर उठतं आणि बेअरिंग घट्ट बसतं. पंप चालतो. कारखाना पुढच्या दुरुस्तीसाठी बंद होईपर्यंत चालतो, आणि तोवर ते कोणी केलं हे कोणाच्या लक्षात राहत नाही. शुऐबाला आम्ही सगळे हे करायचो. मी खाचेच्या तळाशी नऊ ठिपके मारले. तीन ओळी, प्रत्येकी तीन. साइट ठोकून आत घातली. घट्ट बसली. वरून काहीच दिसत नव्हतं. तेल लावून पुसली, पेटीत ठेवली.

संध्याकाळी अरबाबने पिस्तूल हातात घेऊन भिंतीवर नेम धरला आणि त्याचा चेहरा खुलला.

"देखा? चाचा सब झूठ बोलता आठ दिन. एक दिन में किया."

ज्या कौतुकासाठी मी हे केलं ते समोर आलं होतं. फक्त 'मैंने किया' म्हणायचं होतं. पण ठिपके मला माहीत होते. मी मान हलवली. दाराशी ड्रायव्हर उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि किल्ल्या खिशात घातल्या.

शुक्रवारी सकाळी मैदानावर खुर्च्या आणि चहाचे थर्मास उतरवायला अरबाबने मला नेलं होतं. हवा थंड होती आणि धूळ नव्हती. पहिल्या फेरीत अरबाब चांगला खेळला. दुसऱ्या फेरीत त्याच्या गोळ्या उजवीकडे जाऊ लागल्या. तो हात सैल करी, श्वास धरी, पुन्हा नेम धरी. गोळी आणखी उजवीकडे. मागची साइट ज्या बाजूला सरकते त्याच बाजूला गोळी जाते, हे मी चाचाकडूनच ऐकलं होतं. मी थर्मासचं झाकण उगाच फिरवत राहिलो. शेवटच्या गोळ्या कागदाबाहेर गेल्या. त्याचा चुलतभाऊ, म्हणजे दुकानाचा मालक, अरबीत काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले. अरबाब हसला नाही. त्याने साइटला अंगठा लावला. ती हलली.

तो माझ्याकडे वळला. "ये चाचा ने किया?"

"हां," मी म्हणालो.

एवढंच. मला कोणी धमकावलं नव्हतं.

तिथून आम्ही दोन गाड्यांनी सरळ दुकानात गेलो. चाचा मागच्या खोलीत डबा खात होता. हात धुऊन आला. दुकानाच्या मालकाने पिस्तूल त्याच्यापुढे ठेवलं. चाचाने साइट बोटाने सरकवून बाहेर काढली, दिवा जवळ ओढला, डोळ्याला भिंग लावलं. तो बराच वेळ खाचेत बघत राहिला. असं काम बंदुकीचा माणूस करत नाही, पंपाचा माणूस करतो, हे त्याला पहिल्या नजरेत कळलं असणार. त्याने भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत होतो.

"तुम्हारा काम?" मालकाने विचारलं.

माझ्या मनात तेव्हा काय होतं? चाचाने नाव घ्यावं असं वाटत होतं. म्हणजे मला बोलायला लागलं नसतं.

"ऐवा," चाचा म्हणाला. हो. "मेरे हाथ से हुआ."

मालक ओरडला नाही. तो म्हणाला की आता तुझी नजर गेली, वय झालं. इकाम्याची, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याची, मुदत महिन्याभरात संपत होती, ती त्याने वाढवली नाही. बावीस वर्षांचं काम असं संपलं. त्या महिन्यात मी किराण्याला दुसऱ्या गल्लीतून जाऊ लागलो. चाचा गेला त्या दिवशी माझी ड्युटी होती. बदलून घेता आली असती.

खैतानमध्ये महिनाभर तेच बोलणं होतं. चाचाचा हात गेला म्हणे. महागाचं पिस्तूल बिघडवलं म्हणे. त्याच्या किनाऱ्यावरची माणसं कुवेतभर होती, सुट्टीवर गावी जायची. बातमी चाचाच्या आधी नाहीतर मागोमाग खाडीपार पोचली असणार. खोलीत कोणी विषय काढला की मी भात खात राहायचो.

पुढे मी फोरमन झालो. अरबाबचा माझ्यावर भरवसा होता. सेंटर पंचाची युक्ती मी वर्कशॉपमध्ये बंद केली. जागा ढिली झाली की आत नवी बुश, म्हणजे लोखंडाचं कडं, करून घालायची, दोन दिवस लागले तरी चालतील. माझ्या हाताखालचे लोक मला हसत. "साहेब आता हाफिसातले झाले," म्हणत. पितळेचा दांडा फडक्यासकट माझ्या ड्रॉवरमध्ये होता. तो मी बाहेर काढत नसे आणि टाकतही नसे.

दोन हजार पाचच्या सुट्टीत मी खाडी ओलांडून चाचाच्या गावी गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. त्या वर्षी मला चष्मा लागला होता, आणि डॉक्टर म्हणाला, आता जवळचं दिसायला त्रास होणार. एवढंच कारण असेल. होडीतून उतरल्यावर जेट्टीवरच्या दुकानात बसलेल्यांना मी चाचाचं घर विचारलं.

"कुवेतवाला? पिस्तूलवाला?" एक जण म्हणाला, आणि दुसरा तोंड फिरवून हसला.

चाचा पडवीत बसून कोयत्याला मूठ बसवत होता. बारीक झाला होता. मला बघून त्याने मूठ खाली ठेवली नाही.

"ये. बस. फोरमन झालास म्हणं."

आतून त्याच्या बायकोने कोकमाचं सरबत पाठवलं. मी ग्लास हातात धरून सगळं सांगितलं. खाच, कानस, नऊ ठिपके, मैदानावरचं 'हां'. तो मूठ ठोकत ऐकत राहिला.

"नऊच हुते. मी मोजले हुते," तो म्हणाला.

"मग तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"घेऊन काय सांगणार हुतो? परवाना नसलेल्या माणसाच्या हातात मी दुकानातनं पिस्तूल दिलं, असं? मालकाचं दुकान गेलं असतं. तुला पोलिसांनी नेलं असतं. मी रागात पेटी सरकवली तेव्हाच माजं चुकलं. तू मला उगाच मोठा करू नको."

मला रडू आलं. त्याने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"आता काय करता?" मी विचारलं.

"कोयते. मोटारीचे पंप. गावात शेतीसंरक्षणाच्या सात-आठ बंदुका हायत, माकडं नि डुकरं हाकलायला. कुणी माज्याकडं आणत नाय. चिपळूणला जातात. माज्या हातात बिघडतात ना."

"मी सांगतो गावात. आत्ता जेट्टीवर जाऊन सांगतो."

"भोंगा लावून सांग मशिदीवरनं," तो म्हणाला. "मेल्या, तुज्यावर कोण इश्वास ठेवणार? म्हणतील चाचानं मित्र आणला साक्षीला." मग जरा थांबून म्हणाला, "ज्यानं विचारलं हुतं, त्याला सांग. माजंसुद्धा सांग. मी पेटी दिली ते."

सुट्टी संपल्यावर पहिल्याच आठवड्यात मी अरबाबच्या घरी गेलो. बाहेरच्या बैठकीत तो एकटाच होता. मी उभ्यानेच सांगितलं, दोघांचंही. मधे त्याने एकदा हात वर केला, चहा घेऊन आलेल्या माणसाला परत जा म्हणून.

"अभी क्यों बोला?" त्याने विचारलं.

"चाचा ने बोला, आपको बोलना."

"चाचा ने बोला," तो म्हणाला. "तुमको खुद का नहीं आया?"

खरं उत्तर त्याला कळलं होतं.

त्याने चुलतभावाला फोन लावला. अरबीत बराच वेळ बोलणं झालं. मग माझ्याकडून चाचाचा नंबर घेतला. चाचाच्या घरी फोन नव्हता, नंबर जेट्टीवरच्या दुकानाचा होता. तिकडे संध्याकाळ झाली असणार, बाकांवर माणसं बसलेली असणार. चाचाला बोलवून आणेपर्यंत अरबाब फोन कानाला लावून थांबला. मग बोलला. चाचा, हमारा फिटर ने सब बोला. पिस्तूल तुमने नहीं बिगाड़ा, हमको मालूम हुआ. हमारा भाई बोलता, वापस आओ, विझा देगा. थोडा वेळ ऐकलं. "झैन, झैन," म्हणाला. म्हणजे ठीक. आणि फोन माझ्याकडे दिला.

"नाय येत म्हटलं मी," चाचाचा आवाज आला. मागे खूप माणसं एकदम बोलत होती. "दुकानवाल्यानं फोनचा आवाज मोठा करून ठेवला हुता. सगळ्यांनी ऐकलं. ऐकतायस? माजा दांडा हाय का तुज्याकडं?"

"आहे."

"मग घेऊन ये. मला लागणार हाय."

अरबाबने मला काढलं नाही. रागावलाही नाही. पण त्या दिवसापासून वर्कशॉपमध्ये आला की दुसऱ्या माणसाशी बोलायचा, आणि सहा महिन्यांनी माझी मुदत संपली तेव्हा ती वाढली नाही. मी विचारायला गेलो नाही.

पावसाळा संपताना मी दांडा घेऊन खाडीपार गेलो. चाचाच्या पडवीत एक लांब नळीची बंदूक आडवी ठेवलेली होती आणि तिचा मालक, शेजारचा एक म्हातारा शेतकरी, परवान्याचं पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. पुढची माशी आपल्या खाचेतून एका बाजूला सरकली होती.

"हा माजा फिटर," चाचाने त्याला सांगितलं. "ठिपके मारणारा."

म्हातारा हसला. गोष्ट त्याला ठाऊक होती. मीही कसाबसा हसलो आणि फडकं चाचाच्या हातात दिलं. त्याने ते उलगडलं. दांडा उजेडात धरला, एक तोंड बघितलं, मग उलटा करून दुसरं. अंगठा फिरवला. दोन्ही तोंडं तशीच सपाट होती, त्याने घासून दिली होती तशी. पितळ काळवंडलं होतं, पण एकही खड्डा नव्हता.

मला एकदम कळलं तो काय बघतोय. त्याच्यासमोर पडवीत आणि अरबाबसमोर बैठकीत मी सगळं सांगितलं होतं. हे सांगितलं नव्हतं. विसरलो नव्हतो.

"ह्यानं ठोकलंच नव्हतंस," चाचा म्हणाला.

"नाही."

"कशानं?"

"भंगारातल्या पिननं. लोखंडाच्या."

त्याने मान हलवली. म्हातारा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. चाचाने यावर आणखी काही विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्याने बंदुकीची नळी उचलून लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवली आणि ठोकळा माझ्याकडे सरकवला.

"धर," तो म्हणाला. "हलवू नको."

मी दोन्ही हातांनी नळी धरली. चाचाने दांड्याचं तोंड माशीला टेकवलं, चष्मा वर केला, खाली केला, आणि हातोडी उचलली. पहिला घाव अगदी हलका होता. दांड्याच्या सपाट तोंडावर एक बारीक खड्डा पडला. माशी जागची हलली नाही. त्याने काजळीसाठी काडेपेटी मागितली, आणि आतून चहा आला, तसं काम थांबलं.